दारातून हाकललेली बाईच चेटकीण का ठरायची? कीथ थॉमस यांचं संशोधन, सोप्या भाषेत

१५८२ सालची गोष्ट आहे. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात सेंट ओसिथ नावाचं गाव, तिथं ग्रेस थर्लो नावाची बाई राहायची, आणि त्याच गावात उर्सुला केंप, जी लोकांना बरं करायची, म्हणजे झाडपाला, तोडगे, उतारे वगैरे. ग्रेसचा मुलगा डेव्ही आजारी पडला तेव्हा उर्सुला आली, पोराचा हात हातात घेऊन काहीतरी बोलली, दाराच्या आतबाहेर केलं आणि पोरगं बरं झालं. पुढे ग्रेसला मुलगी झाली, बाळंतपणात बाळाचं करायचं काम आपल्याला मिळावं असं उर्सुलाला वाटत होतं, ते ग्रेसने दुसऱ्या कोणाला दिलं आणि त्यावरून दोघींचं वाजलं. काही दिवसांनी ते बाळ पाळण्यातून पडून मान मोडून गेलं. मग ग्रेसचेच सांधे धरले, चालता येईना, तेव्हा ती गेली कोणाकडे, तर उर्सुलाकडेच. उर्सुला म्हणाली १२ पेन्स दे, बरं करते. ग्रेस बरी झाली, पाचेक आठवडे ठणठणीत होती, आणि उर्सुला पैसे मागायला आली तेव्हा ग्रेस म्हणाली, मी गरीब बाई, माझ्याकडे कुठले पैसे. बरं, पैसे नाहीत तर थोडं चीज तरी दे, असं उर्सुला म्हणाली. तर तेही घरात नाही. उर्सुला चिडून म्हणाली, बघून घेईन तुला. आणि ग्रेसचे सांधे पुन्हा धरले.

प्रकरण ब्रायन डार्सी नावाच्या मॅजिस्ट्रेटपुढे गेलं. त्याने उर्सुलाच्या आठेक वर्षांच्या मुलाची जबानी घेतली, पोराने सांगितलं की आईकडे चार भुतं आहेत, एक करड्या रंगाचं मांजर, एक काळं मांजर, एक काळा बेडूक आणि एक पांढरं कोकरू, आणि आई त्यांना खायला-प्यायला घालते. उर्सुलाला सांगितलं गेलं की खरं कबूल केलंस तर तुझ्यावर दया होईल. ती रडायला लागली, सगळं कबूल केलं. दया काही झाली नाही, तिला फाशी दिलं. हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण त्याच वर्षी लंडनमध्ये या जबान्यांची एक छोटी पुस्तिका छापली गेली.

आता ही हकीगत परत एकदा वाचा, आणि फक्त एवढंच बघा की यात कोणी कोणाचं काय थकवलंय. काम करून घेतलं ग्रेसने, पैसे बुडवले ग्रेसने, चीज नाकारलं ग्रेसने. आणि फासावर गेली उर्सुला! आपण चेटकिणींच्या खटल्यांबद्दल वाचतो तेव्हा आपलं सगळं लक्ष त्या मांजरांकडे, बेडकांकडे, सैतानाकडे जातं, आणि हा साधा हिशोब नजरेतून सुटतो. तो हिशोब ज्या माणसाने शेकडो प्रकरणं चाळून पुढे आणला, ते म्हणजे ऑक्सफर्डचे इतिहासकार कीथ थॉमस. त्यांचं १९७१ सालचं 'रिलिजन अँड द डिक्लाइन ऑफ मॅजिक' हे जाडजूड पुस्तक या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आजही वाचावंच लागतं, पटो न पटो.

आधी थोडं जमिनीवर येऊ, कारण या विषयाबद्दल आपल्या डोक्यात सिनेमांमुळे बराच घोळ असतो. चेटकिणींचे खटले म्हटलं की लोकांना वाटतं अंधारं मध्ययुग, पोपचे लोक आणि चिता. खरं तर या खटल्यांचा जोर १५०० नंतरचा आहे, साधारण १५६० ते १६५०, म्हणजे छापखाने आले होते, शेक्सपिअर नाटकं लिहीत होता, गॅलिलिओ दुर्बिणीतून आकाश बघत होता तो काळ. या काळाला इतिहासकार आरंभीचा आधुनिक काळ म्हणतात. सगळ्या युरोपात मिळून चाळीस ते साठ हजार माणसांना या आरोपाखाली मारलं गेलं असा आजचा अंदाज आहे, आणि इंग्लंडचा त्यातला वाटा पाचशेच्या आसपास. इंग्लंडात चेटकिणींना जाळत नव्हते, फाशी देत होते, आणि खटले चर्चच्या नाही तर सरकारी न्यायालयात चालायचे. १५६३ च्या कायद्यात चेटूक करून जीव घेतला तर मृत्युदंड होता, नुसती इजा केली तर पहिल्या वेळेला एक वर्ष कैद. १६०४ मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि इजा केल्यालाही फाशी आली. तिथे कबुलीसाठी छळ करायला कायद्याची परवानगी नव्हती, त्यामुळे जर्मनीतल्या काही भागांत झालं तसं एका बाईला पिळायचं, तिच्याकडून वीस नावं काढायची, त्या वीस जणांना पिळायचं, असं सत्र इंग्लंडात सहसा चाललं नाही. आणि हे थॉमस यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं ठरलं, कारण छळ नसेल तर आरोप वरून खाली येत नाहीत, ते शेजाऱ्याकडून येतात. म्हणून त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. न्यायाधीशांचा आणि पंडितांचा चेटकावर विश्वास का होता, यापेक्षा गावातल्या एका माणसाने एका ठरावीक दिवशी आपल्याच गावातल्या एका ठरावीक बाईकडे बोट का दाखवलं?

थॉमस हे वेल्समधल्या शेतकरी कुटुंबातले, जन्म १९३३ चा. काम करायची त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे आणि ती त्यांनी स्वतःच सविस्तर सांगितलेली आहे. वाचताना टिपणं काढायची, मग कात्रीने त्या कागदांच्या पट्ट्या कापायच्या आणि विषयवार जुन्या पाकिटांत टाकायच्या. पाकिटं फुगत जायची, आणि लिहायची वेळ आली की एकेक पाकीट टेबलावर रिकामं करायचं. एवढंच. पण त्या पाकिटांत काय काय होतं बघा, चर्चच्या न्यायालयांची दप्तरं ज्यात अमका माणूस हरवलेली गाय शोधायला जाणत्याकडे, म्हणजे तोडगे-मंत्र करणाऱ्या गावच्या माणसाकडे गेला म्हणून त्याला बोलावलंय, पाद्र्यांची प्रवचनं, रोजनिश्या, खटल्यांच्या पुस्तिका, आणि ज्योतिषांच्या वह्या. विल्यम लिली नावाच्या लंडनच्या ज्योतिषाच्या वह्या टिकून आहेत, भरभराटीच्या काळात त्याच्याकडे वर्षाला दोन हजारांच्या घरात लोक प्रश्न घेऊन यायचे, त्यात मोलकरणी पण आणि उमराव पण. माझी चोरी कोणी केली, नवरा समुद्रावर गेलाय तो जिवंत आहे का, हे लग्न जमेल का. असल्या वह्यांना इतिहासाचं साधन मानून कोणी इतक्या चिकाटीने बसलं नव्हतं. मोठमोठ्या राजांच्या लढाया बाजूला ठेवून हरवलेल्या चमच्यासाठी कासावीस झालेल्या मोलकरणीला इतिहासात जागा देणं, मला तर या माणसाचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येताना धर्माचं बघायला लागेल, कारण पुस्तकाच्या नावात धर्म उगाच नाहीये. त्या काळचं आयुष्य किती बेभरवशाचं होतं याचा एकच आकडा थॉमस देतात तो पुरेसा आहे, सतराव्या शतकाच्या तिसऱ्या पंचवीशीत इंग्लंडच्या उमरावांच्या घरी जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान २९.६ वर्षं होतं. उमरावांच्या घरी! ज्यांना खायला मिळत होतं त्यांच्याकडे. गरिबाचं काय असेल ते समजून घ्या. प्लेग यायचा, १६६५ च्या प्लेगमध्ये एकट्या लंडनच्या सरकारी नोंदीत ६८ हजारांवर मेले, आणि लगेच दुसऱ्या वर्षी आग लागून तेरा हजारांवर घरं गेली. विमा नाही, बँक नाही, डॉक्टर परवडत नाही आणि परवडला तरी रक्त काढण्यापलीकडे त्याला फारसं येत नाही.

अशा लोकांना मध्ययुगातल्या कॅथलिक चर्चने पुष्कळ आधार देऊन ठेवला होता. मंतरलेलं पाणी घरात शिंपडायचं, गुरांवर शिंपडायचं, विजा कडाडल्या तर चर्चची घंटा वाजवायची, दात दुखला तर संत अपोलोनियाचा धावा करायचा, वसंतात पाद्री सगळ्या गावाला घेऊन शिवारातून मिरवणूक काढून पिकाला आशीर्वाद देणार. चर्चचे विद्वान म्हणायचे की ही जादू नाही, ही प्रार्थना आहे, पण शेतकऱ्याला त्यातला फरक कशाला कळायला हवा, त्याला एवढंच माहीत होतं की माझ्यावर काही अरिष्ट आलं, कोणी करणी केली, तर माझ्याकडे उपाय आहे आणि तो चर्चमध्येच मिळतो.

मग सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली, इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं, आणि नव्या पाद्र्यांनी हे सगळं साफ करून टाकलं. संत गेले, मंतरलेलं पाणी गेलं. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळातून सैतान काढायचा विधी असायचा तो १५५२ च्या प्रार्थनापुस्तकातून काढला. म्हणजे उपाय काढून घेतले, पण सैतान तसाच ठेवला, उलट प्रवचनांतून तो जास्तच मोठा झाला. थॉमस यांचं म्हणणं इथं नीट समजून घ्या. ते म्हणतात लोकांची भीती जुनीच होती, पण पूर्वी भीतीला धर्मातच उतारा होता. आता माणूस पाद्र्याकडे गेला की माझी गाय दूध देईना, कोणीतरी काहीतरी केलंय, तर पाद्री म्हणणार, बाबा रे, ही देवाची परीक्षा आहे, बायबलमधल्या सोशिक ईयोबाची गोष्ट आठव, पश्चात्ताप कर, उपास कर आणि सहन कर. ज्याचं लेकरू तापाने फणफणलंय त्याला हे पुरत नाही हो. त्याला कायतरी करायचं असतं. आणि जवळ करण्यासारख्या दोनच गोष्टी राहिल्या, एक म्हणजे गावातला जाणता, आणि दुसरी म्हणजे कोर्ट.

हे जाणते लोक गावोगाव होते आणि पाद्र्यांना ते चेटकिणींपेक्षाही जास्त खुपायचे. एसेक्समधल्या जॉर्ज गिफर्ड नावाच्या पाद्र्याने तर यावर १५८७ आणि १५९३ मध्ये पुस्तकंच लिहिली, त्याचं म्हणणं, हे जाणतेच सैतानाचे खरे हस्तक, कारण तेच लोकांच्या मनात शेजाऱ्याबद्दल विष कालवतात. चोर शोधायची एक पद्धत सांगतो. धान्य चाळायची चाळण घ्यायची, तिच्या लाकडी कडेत कात्रीची टोकं रोवायची, दोघांनी कात्रीच्या मुठी बोटांवर तोलून चाळण अधांतरी धरायची आणि संशय असलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला चाळण फिरली तो चोर. आता थॉमस यात काय बघतात, तर ही सगळी नावं गिऱ्हाईकच घेऊन यायचं, जाणता आपल्या पदरचं काही सांगत नव्हता. तो फक्त गिऱ्हाईकाच्या मनात आधीच असलेल्या संशयावर शिक्का मारायचा. करणी कोणी केली हे शोधतानाही तेच, जाणता आरसा दाखवायचा, विचारायचा कोण दिसतंय, आणि माणसाला ज्याची धास्ती असायची त्याचंच तोंड त्यात दिसायचं.

पण मुळात धास्ती कोणाची वाटायची? इथं थॉमस आणि त्यांचे विद्यार्थी अॅलन मॅक्फर्लेन, जे जन्माने शिलाँगचे आणि पुढे मानववंशशास्त्राकडे वळले, या दोघांनी आफ्रिकेतल्या एका अभ्यासाची मदत घेतली. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञांनी सुदानच्या अझांदे लोकांवर १९३७ मध्ये पुस्तक लिहिलं होतं, त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कोठार कोसळतं, खाली सावलीत बसलेली माणसं जखमी होतात. अझांदे माणसाला पक्कं माहीत असतं की खांब वाळवीने खाल्ले होते म्हणून ते पडलं, तो काही येडा नाही. त्याचा प्रश्न पुढचा आहे, हीच माणसं खाली बसलेली असताना, नेमकं त्याच घटकेला का पडलं? वाळवी हे कसं पडलं त्याचं उत्तर झालं, माझ्यावरच का पडलं त्याचं नाही. चेटूक त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि ते नेहमी माणसामाणसांतल्या संबंधांतून देतं, म्हणजे माझं वाईट व्हावं असं कोणाला वाटत असेल, माझं कोणाशी बिनसलंय.

आणि इंग्लंडच्या गावांत बिनसायचं कशावरून, हे दोघांना कागदपत्रांत पुन्हा पुन्हा दिसलं. म्हातारी दारात येते. थोडं ताक, थोडं यीस्ट, एखादं भांडं वापरायला, कुठे मटणाचा तुकडा, पेनीभर उसने. घरची बाई नाही म्हणते. म्हातारी काहीतरी पुटपुटत जाते. संध्याकाळी लोणी येत नाही, किंवा डुक्कर मरतं, किंवा पोरगं आजारी पडतं. आणि मग घरचे लोक आठवायला लागतात, अरे सकाळी कोण येऊन गेलं होतं? रेजिनाल्ड स्कॉट या माणसाने १५८४ मध्येच लिहून ठेवलं होतं की या म्हाताऱ्या दारोदार एक भांडं दूध किंवा थोडी पेज मागत फिरतात आणि लोक त्यांना कंटाळतात, तो चेटकाच्या खटल्यांच्या विरोधात लिहीत होता आणि त्याने हे उघड्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. थॉमस-मॅक्फर्लेन यांनी त्याला कारण जोडलं. १५५० च्या सुमाराला इंग्लंडची लोकसंख्या तीसेक लाख होती, शंभर वर्षांत ती पन्नास लाखांवर गेली, भाव वाढले, जमिनी थोड्या लोकांच्या हातात गेल्या, जे मठ भुकेल्याला वाढायचे ते आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये बंद करून टाकले होते. गावात मागणारे वाढले. १५९८ आणि १६०१ च्या कायद्यांनी गरिबांना पोसायचं काम पॅरिशकडे, म्हणजे एका चर्चखालच्या गावाकडे दिलं, त्यासाठी कर लावला, मग घरमालकाला वाटायला लागलं की मी कर भरतोय, दारात आलेल्याला मी परत का द्यायचं? पण जुनी शिकवण मनातून गेलेली नव्हती. दारात आलेल्या शेजारणीला विन्मुख पाठवू नये हे रक्तातच होतं. त्यामुळे नाही म्हणून दार तर लावलं, पण आत बसलेल्या माणसाला चैन पडत नव्हतं.

सगळ्या पुस्तकाचा गाभा माझ्या मते इथेच आहे. आरोप करणारा हा बहुतेक वेळा तोच असायचा ज्याने आधी शेजारधर्म मोडलेला असायचा, आणि त्याला ते आतून माहीत असायचं. हिचं माझ्यावर चिडणं रास्त आहे, हे कळत असल्यामुळेच तो तिला घाबरायचा. आणि एकदा ती चेटकीण आहे असं ठरलं की अपराधीपणा उडाला, कारण चेटकिणीला मदत नाकारणं पाप थोडंच आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तोच गुन्हेगार होऊन जातो, आणि अन्याय करणारा बिचारा. इतकं भयंकर आणि इतकं ओळखीचं.

बायकाच जास्त का, याचंही उत्तर बरंचसं इथून येतं. मॅक्फर्लेन यांनी एसेक्सच्या वरच्या कोर्टांतली १५६० ते १६८० ची दप्तरं मोजली, २९१ आरोपींमध्ये पुरुष फक्त २३. गावात सगळ्यात परावलंबी कोण तर म्हातारी विधवा, शेजाऱ्यांच्या दारात तिलाच जावं लागणार, आणि स्वयंपाकघर, दूधदुभतं, बाळंतपण या सगळ्या बायकांच्याच कारभारात उसनंपासनं चालणार.

मात्र आरोपी बायकांना थॉमस नुसत्या गरीब गाई म्हणून दाखवत नाहीत हे मला आवडतं. ज्याच्याकडे पैसा नाही, वकील नाही, मुलगा नाही, त्याच्याकडे तळतळाट असतो. गरिबाचा शाप लागतो हे तेव्हाही सगळे मानायचे, पाद्री सुद्धा, आणि काही बायका त्याचा वापर करायच्या, लोक घाबरून दोन घास देतात म्हणून. १६१२ मध्ये लँकशरच्या पेंडल भागात अॅलिझन डिव्हाइस नावाच्या पोरीला रस्त्यात जॉन लॉ नावाचा फेरीवाला भेटला, तिने टाचण्या मागितल्या. ती म्हणते विकत मागितल्या पण त्याने गाठोडं सोडायला नकार दिला, तो म्हणतो फुकट मागत होती. थोडं पुढे जाऊन तो कोसळला, एक बाजू लुळी पडली, बोलता येईना, आज कोणीही सांगेल की हा अर्धांगवायू आहे. त्याच्या मुलाने अॅलिझनला त्याच्यासमोर आणलं तेव्हा तिने गुडघे टेकून माफी मागितली, कारण आपण हे केलं असं तिला स्वतःलाच वाटत होतं! कोणी तिला मारलं नव्हतं. फेरीवाल्याने तिला माफ केलं, पण कोर्टाने नाही, आणि तिथून सुरू झालेल्या प्रकरणात २० ऑगस्ट १६१२ ला लँकेस्टरमध्ये दहा जणांना फाशी दिलं, त्यात अॅलिझन, तिची आई आणि तिचा भाऊ. आईविरुद्ध साक्ष दिली अॅलिझनच्या धाकट्या बहिणीने, नऊ वर्षांच्या आसपासची पोर, ती दिसावी म्हणून तिला टेबलावर उभं केलं होतं.

थॉमस यांच्यावर टीकाही भरपूर झाली आणि ती वाचल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हिल्ड्रेड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये म्हटलं की धर्म इकडे आणि जादू तिकडे ही विभागणीच मुळात त्या काळच्या प्रॉटेस्टंट पाद्र्यांची आहे, तीच तुम्ही इतिहासकार म्हणून जशीच्या तशी उचलली. मला हा आक्षेप बराचसा पटतो, शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने घंटा आणि तोडगा एकाच कप्प्यात ठेवले असते. क्रिस्तीना लार्नर या संशोधक बाईंनी स्कॉटलंडचं दाखवलं की तिथे छळ होता, राजसत्ता होती, चर्चचा धाक होता, तिथे नुसत्या शेजाऱ्यांच्या भांडणाने काही उलगडत नाही. कॅथलिक चर्चकडे उतारे होते म्हणून लोक सुरक्षित होते म्हणावं, तर जर्मनीत व्युर्त्सबुर्ग आणि बाम्बेर्ग इथे १६२० च्या दशकात कॅथलिक बिशपांच्याच राज्यात शेकडो माणसं मारली गेली. खुद्द इंग्लंडातही यादवी युद्धाच्या गोंधळात चेटकिणी शोधत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सने १६४५ ते १६४७ मध्ये आरोपींना रात्र रात्र झोपू न देता कबुल्या काढल्या आणि शंभराच्या आसपास माणसं फासावर गेली, तिथे आरोप शेजाऱ्यांचे असले तरी त्यांना वणव्यासारखं पसरवलं हॉपकिन्सने. शिवाय पुढच्या संशोधकांना अशीही पुष्कळ प्रकरणं सापडली ज्यात दोन्ही घरं बरोबरीची होती आणि भांडण कुरणाचं किंवा वारशाचं होतं. म्हणजे दारात आलेली म्हातारी हे सगळ्या कुलपांची किल्ली नाही. पण जिथे ती किल्ली लागते तिथे ती इतकी चपखल लागते की सोडून देता येत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथं डाकीण, करणी, भानामती आठवल्याशिवाय राहणार नाही, पण सगळं एकच आहे असं म्हणायची घाई नको. डांग आणि आसपासच्या पश्चिम भारतातल्या भिल्ल मुलखातल्या डाकीण प्रकरणांवर अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये स्वतंत्र अभ्यास केलाय, तिथली सत्तेची आणि बाईपुरुषांची गणितं वेगळी आहेत. कायद्याची तुलना मात्र करता येते. इंग्लंडच्या १५६३ च्या कायद्यात चेटूक करणारी गुन्हेगार होती, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, जो डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लावून धरला आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर लगेच वटहुकूम म्हणून आला, अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते असं भासवणारा गुन्हेगार आहे. गुराच्या दुधाचा त्यात चक्क उल्लेख आहे. एसेक्सच्या त्या कोर्टांतल्या तक्रारी वाचल्यावर तो उल्लेख किती विचार करून केलाय हे कळतं.

इंग्लंडातले खटले थांबले कसे, यावर थॉमस यांचं उत्तर थोडं अर्धवट आहे आणि ते स्वतःच तसं मान्य करतात. साधारण आपल्याला वाटतं विज्ञान आलं, औषधं आली, मग अंधश्रद्धा गेली. ते दाखवतात की क्रम उलटा होता, चेटकावरचा विश्वास शिकलेल्या लोकांत आधी कमी झाला आणि उपयोगी पडणारी औषधं कितीतरी नंतर आली. काही गोष्टी ते सांगतात, लंडनच्या आगीनंतर १६८० च्या सुमाराला आगीचा विमा निघाला, वर्तमानपत्रात हरवले-सापडलेच्या जाहिराती यायला लागल्या, पॅरिशची मदत रुळली त्यामुळे दारात नाही म्हणायचं ओझं कमी झालं, आणि न्यायाधीशांना पुरावा पटेनासा झाला. १६८० च्या दशकानंतर इंग्लंडात कोणाला फाशी झाल्याचं दिसत नाही. १७१२ मध्ये जेन वेनहॅम नावाच्या बाईला चेटकाबद्दल ज्युरीने दोषी ठरवलं, पण न्यायाधीशाने तिला माफी मिळवून दिली. १७३६ मध्ये चेटकाचा कायदाच रद्द झाला.

पण कायदा लंडनमध्ये रद्द झाला, गावाने थोडाच केला. हर्टफर्डशरमध्ये ट्रिंगजवळ रूथ ऑस्बोर्न नावाची गरीब म्हातारी होती, तिने बटरफिल्ड नावाच्या दूधवाल्याकडे ताक मागितलं, त्याने दिलं नाही, ती काहीतरी वाईटसाईट बोलून गेली. पुढे त्याची वासरं आजारी पडली, मग त्यालाच झटके यायला लागले, आणि एका जाणत्या बाईने सांगितलं की तुझ्यावर केलेलं आहे. म्हणजे १५८२ चं चीज आणि १७४० च्या दशकातलं ताक, मध्ये दीडशेवर वर्षं, आणि गोष्ट तीच. एप्रिल १७५१ मध्ये आसपासच्या बाजारगावांत चक्क दवंडी पिटून सांगितलं गेलं की अमुक दिवशी ट्रिंगला चेटकिणींना पाण्यात बुडवून पारखणार आहेत. हजारो लोक जमले. रूथ आणि तिच्या नवऱ्याला चर्चमध्ये लपवलं होतं तिथून ओढून काढलं, तळ्यात बुचकळलं, ती त्यात मेली. या वेळी मात्र कोर्टाने पुढाकार घेणाऱ्या थॉमस कॉलीला खुनाबद्दल फाशी दिलं, २४ ऑगस्ट १७५१. फाशीच्या ठिकाणी बंदोबस्तासाठी घोडेस्वार आणावे लागले होते, आणि त्या वेळच्या बातमीत लिहिलंय की हजारो लोक लांबवर उभे राहून कुरकुरत होते, की एवढं नुकसान करणाऱ्या दुष्ट म्हातारीला संपवलं म्हणून माणसाला फाशी देणं हा अन्याय आहे.